बगीच्यातून फिरायला येणारे पाहुणे : आपल्या गटासाठी नवं काम?



रविवारी सकाळी काटोल रोडवर एखाद्या फाट्यावर एसटीची वाट पाहत उभ्या असाल, तर हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. डोक्यावर हेल्मेट, अंगात भडक रंगाचे घट्ट कपडे आणि एकामागे एक दहा-पंधरा सायकली. त्यात कॉलेजची पोरं असतात, तशी पन्नाशी-साठीची माणसं असतात, आणि आताशा बायकाही असतात. टपरीवर चहा घेतात, दहा मिनिटं झाडाखाली बसतात आणि परत नागपूरला निघून जातात. आपल्यातली एखादी म्हणते, "काहून वो बाई, गाड्या नाही का यायच्याकडे?"

गाड्या आहेत. तरी ते सायकलने येतात, कारण त्यांना गाव, झाडं, मोकळी हवा पाहायची असते. नागपुरात हा छंद चांगलाच रुजला आहे. अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने पार करायची एक फार अवघड शर्यत असते. ती २०१७ साली एकट्याने पूर्ण करणारे डॉ. अमित समर्थ आपल्या नागपूरचेच.

आता विचार असा करायचा आहे. ही माणसं आपल्या दारावरून जातात. त्यांना पाहिजे ते, म्हणजे सावली, वाट, ताजं फळ, चुलीवरचं जेवण आणि स्वच्छ संडास, आपण देऊ शकतो का? दिलं तर त्याचे पैसे कोणाच्या हातात येतील? आणि त्यात आपलं काही नुकसान तर नाही ना? या लेखात हे एकेक करून पाहू.

नाशिकला काय झालं

आपल्या राज्यात बाग पाहायला माणसं पैसे देऊन येतात, याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे नाशिक. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव हा सगळा द्राक्षाचा पट्टा. खायची द्राक्षं तिथे जुनीच. १९९९ साली गंगापूर धरणाच्या परिसरात सुला ही वाईनरी सुरू झाली. वाईनरी म्हणजे द्राक्षापासून वाईन बनवायचा कारखाना. २००१ साली सरकारने यासाठी वेगळं धोरण आणलं आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क उभे केले. पुढे सुलाने २००५ मध्ये आपल्या जागेत पाहुण्यांना बसून चव घेण्याची सोय केली. मग लोक नुसती बाटली घ्यायला नाही, तर बाग पाहायला, वेलींच्या ओळींतून चालायला, मावळता सूर्य पाहायला येऊ लागले. जानेवारी ते मार्च हा वाईनच्या द्राक्षांच्या तोडणीचा काळ, म्हणून त्या दिवसांत गर्दी जास्त. कोणी पायी फिरतं, कोणी सायकलने एका बागेतून दुसऱ्या बागेकडे जातं.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट : शेतमालाचा भाव आपल्या हातात नसतो, पण शेतात घालवलेल्या वेळेचा भाव आपण ठरवू शकतो. व्यापारी क्रेट तोलतो आणि भाव सांगतो. पाहुण्याला मात्र आपण सांगतो, "माणशी एवढे पैसे."

दुसरी गोष्ट सावध करणारी आहे. वाईनची द्राक्षं बारीक आणि बियांची असतात. ती खायला कोणी घेत नाही, म्हणजे गिऱ्हाईक एकच, वाईनरी. २००८-०९ च्या मंदीत वाईनची मागणी पडली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांची द्राक्षं घ्यायला कोणी राहिलं नाही. लोकांनी कर्ज काढून लावलेल्या वेली उपटून टाकल्या. एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर सगळं सोडलं की असं होतं. पर्यटनालाही हाच नियम लागतो. कोविडच्या काळात पाहुणे येणं एका दिवसात बंद झालं होतं, ते आठवा.

आणखी एक गोष्ट आपण बायकांनी ध्यानात ठेवायची. नाशिकच्या बागांत खुडणीला, छाटणीला पेठ-सुरगाण्याकडचे आदिवासी मजूर येतात, त्यात बायका पुष्कळ. पाहुणे वाढले म्हणून रोजावरच्या बाईचं आपोआप काही वाढत नाही. ज्याच्या नावावर धंदा, त्याच्याकडे पैसा. म्हणून "गावात पर्यटन आलं" एवढ्यावर खूश होऊ नका. कोणाच्या नावावर आलं, ते विचारा.

दारावर डहाळी टांगणारी घरं

युरोपातल्या द्राक्षाच्या गावांत पायी आणि सायकलने फिरायची रीत जुनी आहे. फ्रान्समध्ये अल्सास नावाचा भाग आहे. तिथे १९५३ मध्ये द्राक्षगावांना जोडणारा सुमारे १७० किलोमीटरचा एक मार्ग ठरवून दिला. प्रवासी एका गावातून दुसऱ्या गावात जातात, थांबतात, जेवतात, मुक्काम करतात.

आपल्याला जास्त उपयोगी आहे ती जर्मनी-ऑस्ट्रियाकडची पद्धत. ऑस्ट्रियात १७८४ साली बादशहाने हुकूम काढला की शेतकऱ्याला आपल्या बागेतली वाईन आपल्या घरी विकता येईल. ज्या दिवशी घर उघडं असेल, त्या दिवशी दारावर हिरवी डहाळी टांगायची. डहाळी दिसली की वाटसरूंनी आत यायचं, नाही दिसली तर पुढे जायचं. जर्मनीतही अशी घरं आहेत. तिथे नियम असा की वर्षातून जास्तीत जास्त चार महिने घर उघडं ठेवायचं, चाळीसच्या वर माणसं बसवायची नाहीत आणि साधंसुधं घरचंच खायला द्यायचं. हॉटेल काढायचं नाही.

पाहा बरं, किती शहाणपणाचं आहे! शेतीची कामं अंगावर असताना डहाळी काढून ठेवायची. सवड असेल तेव्हाच टांगायची. आपल्याकडेही दारावर आंब्याचं तोरण बांधलं की घरात काही आहे हे कळतंच. आपल्या गटाने एखाद्या रविवारी "आज उघडं आहे" असं सांगावं आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत बंद ठेवावं, हे जमण्यासारखं आहे.

पायी चालणं तर आपल्याला कोणी शिकवायलाच नको. आषाढीला पंढरीची वाट धरणारे वारकरी गावोगाव जेवतात, मुक्काम करतात. स्पेनमध्ये सांतियागो नावाच्या तीर्थाला पायी जाणारे यात्रेकरू आहेत, त्यांची वाट रिओखा नावाच्या द्राक्षाच्या मुलखातून जाते. तिथली गावं या चालणाऱ्यांना जेवू-झोपू घालतात आणि त्यावर त्यांचा संसार चालतो. आपण वारकऱ्याला अन्न देतो ते पुण्य म्हणून, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पण हौसेने फिरायला आलेल्या पाहुण्याकडून रास्त पैसे घ्यायला लाजायचं कारण नाही.

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे द्राक्ष नाही, संत्रा आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातलं वरुड-मोर्शी, हा सगळा संत्र्याचा पट्टा. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव या भागाचं आहे यावर सरकारी शिक्का बसला.

पाहुण्यांसाठी हंगाम कसा बसतो पाहा :

- आंबिया बहार : जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणी.
- मृग बहार : जून-जुलैत फूल, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी.

म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत कोणत्या ना कोणत्या बगीच्यात एक तर फळ लगडलेलं असतं, नाही तर फुलाचा वास सुटलेला असतो. आणि नागपूरकडे चालायला-सायकल चालवायला हवाही याच दिवसांत बरी असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा कोणाला बोलवायचंच नाही. पावसाळ्यात चिखल आणि साप. म्हणून आपली डहाळी नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच.

जाण्या-येण्याची सोयही आहे. कळमेश्वर, काटोल, नरखेड ही तिन्ही नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावरची स्टेशनं. वाटेत पाहण्यासारखी ठिकाणं आहेत. चंद्रभागा नदीकाठचं धापेवाडा, ज्याला विदर्भाचं पंढरपूर म्हणतात. अदास्याचा गणपती. काटोल तालुक्यात पारडसिंग्याची अनसूया माता. देवदर्शन आणि बगीचा मिळून अर्ध्या दिवसाचा फेरा सहज होतो.

खायचं तर विचारूच नका. तर्री-पोहे, पाटोडीची भाजी, गोळाभात, डाळकांदा, वांग्याचं भरीत, पानगे, मडक्यावरची लांब पोळी. शहरातल्या माणसाला यातलं अर्धं घरी मिळत नाही. शिवाय व्यापारी जो बारीक संत्रा बाजूला काढतो, जो कधी कधी रस्त्याच्या कडेला फेकून द्यावा लागतो, त्याचा ताजा रस, सरबत, मुरंबा, सालीचं उटणं पाहुण्याला विकता येतं. बांगलादेशाने आयातीवरचं शुल्क वाढवल्यापासून संत्र्याच्या भावाचं काय झालं, ते आपण भोगतोच आहोत. त्याला हा उपाय नाही. पण फेकायच्या मालाचे चार पैसे होतील, एवढं नक्की.

दारूचं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल आणि यायलाच पाहिजे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी गावातली दारूभट्टी बंद करायला मोर्चे काढले, आडव्या बाटलीसाठी मतदान केलं. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. २०२२ च्या सुरुवातीला सरकारने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. कोणी म्हणालं शेतकऱ्याचा फायदा, कोणी म्हणालं घराघरांत बाटली येईल.

नाशिकचं उदाहरण घेताना आपण वाईन घ्यायची नाही, रीत घ्यायची. बगीच्यातून फिरणं, फळ तोडून खाणं, घरचं जेवण, याला दारूची गरज नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ठराव करा : आपल्याकडे दारू मिळणार नाही, आणलेली चालणार नाही, पिऊन आलेल्याला प्रवेश नाही. पाहुण्याला फोनवरच सांगा. चार पाहुणे कमी येतील, येऊ देत. मोहाची असो की आणखी कशाची, विनापरवाना दारू देणं हा गुन्हा आहे. आणि ज्या बायका-पोरींवर घरचे "पाहुण्यांत काम करू नको" म्हणून बंधन घालतात, त्यांच्या घरी सांगायला हा ठराव फार उपयोगी पडतो.

हिशेब : काम कोणाचं, पैसा कोणाचा

आता खरी गोष्ट. पाहुणे आले की राबणार कोण? पहाटे उठून अंगण झाडणारी, पोहे भिजवणारी, भांडी घासणारी बाईच. घरच्या कामात हे काम मिसळून गेलं की त्याची मजुरी कोणी मोजत नाही. म्हणून हिशेब आधी कागदावर मांडा. एक नमुना देतो. आकडे समजुतीसाठी आहेत, आपल्या गावच्या भावाने बदलून घ्या.

समजा, एका रविवारी १२ सायकलवाले आले. बगीच्यात फेरी, तर्री-पोहे, चहा आणि संत्री, असे माणशी १५० रुपये. जमा १,८०० रुपये.

- सामान (माणशी ५० रुपये) : ६०० रुपये
- सरपण किंवा गॅस : ८० रुपये
- तीन बायकांची मजुरी, प्रत्येकी १५० रुपये : ४५० रुपये
- बगीचेवाल्याला माणशी २० रुपये : २४० रुपये
- गटाच्या खात्यात १० टक्के : १८० रुपये
- उरले : २५० रुपये

हे उरलेले २५० रुपये वाटून घेऊ नका. एखाद्या दिवशी सामान भरून ठेवलं आणि पाहुणे आलेच नाहीत, तर त्या दिवसासाठी ते बाजूला ठेवा.

चार महिन्यांत १७ रविवार धरले आणि त्यातल्या ८ रविवारीच पाहुणे आले, तर कामावरच्या प्रत्येक बाईला हंगामात १,२०० रुपये मजुरी, गटाला १,४४० रुपये आणि अडीअडचणीला २,००० रुपये. यावर घर चालणार नाही, हे स्पष्ट सांगतो. हा जोडधंदा आहे. पण यात तुमच्या खिशातून फारसं गेलं नाही आणि कर्जही झालं नाही. रस, मुरंबा, लोणचं, पापड विकला तर ते वेगळं.

म्हणून सुरुवातीलाच खोल्या बांधायला कर्ज काढू नका. पहिला हंगाम फक्त सकाळचे पाहुणे घ्या. सतरंज्या, मोठी पातेली ग्रामसंघाकडून किंवा गावातून घ्या. दुसऱ्या हंगामात लोक आपणहून परत आले, मुक्कामाचं विचारायला लागले, तर पुढचं पाऊल.

पैसे गटाच्या खात्यावरच घ्या. क्यूआर कोड गटाच्या खात्याचा असू द्या, घरच्या माणसाच्या मोबाइलचा नको. रोख आली तर त्याच दिवशी वहीत नोंद.

सुरक्षा : पाहुण्याची आणि आपलीही

1. फवारणी : बगीच्यात फवारणी झाली असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत कोणाला आत नेऊ नका, फळ तोडून खाऊ देऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते विसरू नका. बगीचेवाल्याकडून फवारणीची तारीख लिहून घ्या.
2. कुंपण : रानडुकरांसाठी काही जण तारेत विजेचा करंट सोडतात. हे बेकायदा आहे आणि जीवघेणं आहे. असं कुंपण असलेल्या वावराजवळून वाट नेऊच नका. सोलर झटका मशीन असेल तर ती बंद केल्याची खात्री करा.
3. विहीर : उघड्या विहिरीजवळ, शेततळ्याजवळ लहान पोरांना जाऊ देऊ नका. एक ताई मागे, एक पुढे, असं चाला.
4. संडास : बायका पाहुण्या म्हणून येतील की नाही, हे यावरच ठरतं. कडी लागणारं दार, पाणी, साबण आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा. एवढं नसेल तर आधी ते करा, पाहुणे नंतर.
5. पाणी आणि प्रथमोपचार : प्यायचं पाणी उकळलेलं किंवा गाळून शुद्ध केलेलं. पेटीत पट्टी, जंतुनाशक, ओआरएस. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि १०८ चा नंबर भिंतीवर.
6. आपली सुरक्षा : पाहुण्यांसोबत एकटीने जायचं नाही, नेहमी दोघी. आपला खासगी नंबर न देता गटाचा एक मोबाइल ठेवा. न विचारता फोटो काढू देऊ नका. आपल्या पोरांचे तर नाहीच. पहिल्याच भेटीत गावाचे नियम वाचून दाखवा.

कागदपत्रं

राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. शेतकरी, शेतकऱ्यांच्या संस्था आपलं कृषी पर्यटन केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदवू शकतात. नोंदणी जमिनीच्या कागदावर होते आणि आपल्यातल्या बहुतेकींचं नाव सातबाऱ्यावर नसतं. इथेच गाडी अडते. यावर दोन वाटा आहेत. एक, घरात बोलून सातबाऱ्यावर आपलं नाव लावून घेणं. दुसरी, तोपर्यंत गटाने बगीचेवाल्याशी लेखी करार करणं : किती रविवार, माणशी किती पैसे, फळ तोडलं तर काय भाव, नुकसान झालं तर कोण भरणार. बगीचेवाला आपला दीर किंवा सासरा असला तरी करार लेखीच पाहिजे. नात्यात तोंडी बोललेलं फार दिवस टिकत नाही.

२०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आलं. महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळायची सोय त्यात आहे. यात "मालकीच्या" हा शब्द महत्त्वाचा. कर्ज काढायच्या आधी नागपूरच्या पर्यटन कार्यालयात जाऊन सध्याच्या अटी विचारून घ्या, आणि कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

खाद्यपदार्थ विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान धंद्याला ती सोपी आहे. मुरंबा-लोणच्याच्या बरणीवर तारीख, वजन आणि गटाचं नाव लिहायची सवय लावा.

पुढच्या बैठकीत हे करा

पंचसूत्रीचं कामकाज आटोपल्यावर अर्धा तास या विषयाला द्या आणि सात प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा :

- आपल्यातल्या किती जणींना नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रविवारची सकाळ खरंच देता येईल?
- कोणता बगीचा? वाट कुठून जाईल? कोण चालून पाहणार?
- संडास आणि पाणी आहे का?
- माणशी किती पैसे घ्यायचे? मजुरी किती?
- दारूबंदीचा ठराव झाला का?
- ज्यांच्याकडे बगीचा नाही, त्या भूमिहीन मैत्रिणींना यात कोणतं काम आणि किती वाटा?
- पाहुणे आलेच नाहीत तर आपलं किती नुकसान होईल, आणि ते आपल्याला झेपेल का?

सहाव्या प्रश्नावर जरा जास्त वेळ थांबा. बगीचा नेहमी कोणाचा तरी असतो. पण पोहे करणारी, वाट दाखवणारी, झाडांची, पाखरांची, गावच्या गोष्टींची माहिती सांगणारी कोणीही असू शकते. बरेचदा पुस्तक वाचलेल्यापेक्षा चाळीस वर्षं संत्रा तोडलेली मजूर बाई बगीचा जास्त चांगला दाखवते. तिला नुसतं भांड्यावर बसवू नका.

उत्तरं जुळली तर एका रविवारी ओळखीच्या पाचसहा जणांना बोलवून पाहा. शहरात राहणारे भाचे, गावातली नोकरीला गेलेली पोरं, बँकेतल्या मॅडम. त्यांच्याकडूनही पैसे घ्या, थोडे का होईना, म्हणजे हिशेबाची सवय लागेल. काय चुकलं ते त्यांनाच विचारा. आणि उत्तरं जुळली नाहीत, तर "आत्ता नाही" असं वहीत लिहा. तोही गटाने विचार करून घेतलेला निर्णयच आहे.

तुमच्या गटाने काय ठरवलं ते प्रभागसंघाच्या बैठकीत सांगा. चांगलं झालं तर सांगाच, फसलं तर आधी सांगा, म्हणजे शेजारच्या गावातल्या बहिणींचे पैसे वाचतील.